धक्का कोरडा, खिसा ओला

शेतकरी, कारागीर व दर्यावर्दी बंधुभगिनींनो,

देशावरच्या कोणत्याही आठवडे बाजारात एका कडेला सुकटीच्या पाट्या मांडून बाया बसलेल्या असतात. पावसाळ्यात भाजी महागली, डाळ परवडेनाशी झाली, म्हणजे कुणब्याच्या घरी मूठभर सुकट, दोन बोंबील आणि भाकरी यांवर दिवस निघतो. ही सुकट खाणाऱ्या आपल्या कित्येक शेतकरी बंधूंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. समुद्रावरचा कोळी आणि माळावरचा कुणबी यांचा काय संबंध, असे त्यांस वाटते. ह्या पत्रात बंदराच्या पैशाविषयी मी लिहू लागलो, म्हणजे "मास्तर, हे आम्हांस कशाला सांगता? आमच्या विहिरीचे बोला," असे पुष्कळजण म्हणतील. त्यांस माझे हात जोडून सांगणे आहे की, बाबांनो, हा लेख संपेपर्यंत धीर धरा. कोळ्याच्या धक्क्यास जो रोग जडला आहे, तोच तुमच्या कालव्याच्या चारीस जडला आहे. आणि वैद्यही दोघांचा एकच आहे.

प्रथम आमच्या खाडीची हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण कोकणपट्टीत अशी गावे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकास ती आपलीच हकीकत वाटेल. आमच्या खाडीकाठी काही वर्षांपूर्वी सरकारी पैशाने मच्छीमारांसाठी धक्का बांधला. पायाभरणीस मोठे लोक आले. मांडव पडला, भाषणे झाली, शाळेच्या मुलांकडून स्वागतगीत म्हणवून घेतले. ते बसविण्याचे काम माझ्याकडेच होते. संगमरवरी पाटीवर सात नावे कोरली. त्या सातांत एकही कोळी नव्हता, एकही खारवी, दालदी की भंडारी नव्हता. असो. नावांनी पोट भरत नाही; धक्का तरी झाला, म्हणून आम्ही समाधान मानले.

पुढे दोन पावसाळे गेले. सह्याद्रीच्या अंगावरून नदी जी माती वाहून आणते, ती खाडीच्या तोंडाशी येऊन बसते. भरतीचे पाणी तिला आत लोटते, सुकतीचे पाणी पुरती बाहेर नेत नाही. त्यात मध्येच दगडाचा धक्का उभा राहिला, म्हणजे त्याच्या आडोशाला पाणी मंदावते आणि गाळ तेथेच बैठक मारतो. हे सांगण्यास मोठ्या इंजिनिअरची गरज नाही. आमच्या गावचे म्हातारे तांडेल पायाभरणीच्या दिवशीच हे सांगत होते. परंतु त्यांच्याजवळ पदवीचा कागद नव्हता, म्हणून त्यांचे कोणी ऐकले नाही. आज स्थिती अशी आहे की, सुकतीला धक्क्याखाली चिखल उघडा पडतो आणि त्यावर कावळे व बगळे चरतात. होड्या पलीकडे खोल पाण्यात भरतीची वाट पाहत उभ्या राहतात. धक्का आहे, दिव्याचे खांब आहेत, पाटी आहे, सात नावे आहेत. फक्त पाणी नाही!

मध्यंतरी एक साहेब पाहणीस आले होते. मी जवळच उभा होतो. साहेबांचे आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या एका म्हाताऱ्या मावशीचे जे बोलणे झाले, ते जसेच्या तसे देतो.

साहेब : काय मावशी, आता तरी खूष ना? केवढा मोठा धक्का झाला तुमच्यासाठी!

मावशी : झाला खरा साहेब. पण होडी लागायला पाणी कुठाय?

साहेब : भरतीला येते ना पाणी?

मावशी : येते की. पण भरती काय तुमच्या हापिसाच्या टायमानं येते? परवा रात्री दोनला आली. तेव्हा ना बरफवाला, ना टेम्पो, ना दिवा. दलालाचा माणूस मात्र बॅटरी घेऊन उभा.

साहेब : मग सकाळपर्यंत थांबायचे.

मावशी : आमी थांबतो साहेब, मासळी थांबत नाय.

साहेबांनी वहीत काहीतरी टिपले आणि ते मोटारीत बसले. मावशीचे शेवटचे वाक्य त्यांनी टिपले की नाही, हे मला ठाऊक नाही. म्हणून ते मी येथे छापावयास देत आहे. बंदराच्या साऱ्या प्रश्नाचे सार त्या एका वाक्यात आहे.

शेतकरी बंधूंनो, हे तुम्हांस समजण्यास कठीण नाही. कांदा काढल्यावर ज्याच्याकडे चाळ नाही, त्यास व्यापारी म्हणेल त्या भावाने माल द्यावा लागतो. चाळ असली, तर निदान चार आठवडे दम धरता येतो. कोळ्याची चाळ म्हणजे बर्फ. बर्फ असेल तर मासळीला एकदोन दिवस दम आहे; नसेल तर उन्हात अर्ध्या दिवसात तिची माती होते. ज्या धक्क्यावर होडी वेळेवर लागत नाही, बर्फाचा कारखाना नाही, गोडे पाणी नाही, तेथे लिलाव हा नावाचाच. दलालाने नाखव्याला हंगामाच्या आरंभी डिझेल, जाळी व खलाशांचा पगार यांसाठी उचल दिलेली असते. तिच्या पोटी "मासळी मलाच द्यावयाची" हा करार असतो. तुमच्या गावचा सावकार पेरणीच्या वेळी उचल देऊन खळ्यावर येऊन बसतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून मी म्हणतो की, लहान बंदरासाठी सरकारी पैसा मागणे म्हणजे कोळ्यासाठी भीक मागणे नव्हे. दलालाच्या दाढेतून कष्टकऱ्याची मान सोडविण्याचे ते काम आहे, आणि ते रयतेच्याच पैशातून झाले पाहिजे.

आता कोणी विचारील, "किनाऱ्यावर असे मच्छीमार आहेत तरी किती, म्हणून एवढा ओरडा?" तर ऐका. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने २०१० साली जी गणती केली, तीत आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ४५६ मच्छीमार गावे, मासळी उतरविण्याच्या १५२ जागा आणि ८१,४९२ मच्छीमार कुटुंबे आढळली. माणसे पावणेचार लाखांवर. हे झाले केवळ मच्छीमार. त्यांच्या होड्या बांधणारा व दुरुस्त करणारा सुतार, लोखंडी काम करणारा लोहार, टोपल्या विणणारा बुरूड, बर्फ फोडणारा व टेम्पो हाकणारा मजूर, घाटावर सुकट नेऊन विकणारी बाई, हे सारे ह्या गणतीबाहेर राहिले. फायबरच्या होड्या आल्या आणि प्लास्टिकचे क्रेट आले, म्हणून सुताराचे व बुरुडाचे काम घटले हे खरे; परंतु ज्या गावी बंदर नांदते, तेथे कारागिराच्या हातास काम मिळते आणि जेथे बंदर बुजते, तेथून प्रथम कारागीर मुंबईची गाडी धरतो. हे मी शाळेच्या हजेरीपटावरून सांगतो. होड्या लागेनाशा झाल्या त्या साली ज्या मुलांची नावे माझ्या पटावरून कमी झाली, त्यांत पहिली तीन सुताराच्या घरची होती.

त्या १५२ जागांपैकी खऱ्या अर्थाने बंदर म्हणावे अशा थोड्या. मुंबईचा ससून डॉक १८७५ साली बांधला गेला, तोही कापसाच्या व्यापारासाठी. पुढे तो मासळीचा झाला. त्यास आज दीडशे वर्षे झाली. भाऊचा धक्का, रत्नागिरीचे मिरकरवाडा अशी आणखी काही नावे घेता येतील. बाकी किनाऱ्यावर काय? रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैचे उदाहरण घ्या. हर्णैच्या मासळीचा लिलाव पाहण्यास लांबून हौशी लोक येतात, फोटो काढतात. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तेथे मोठ्या बोटी पाण्यातच थांबत आल्या. मासळी लहान होड्यांतून काठाशी यावयाची, बैलगाड्या लाटांत घालून ती वर ओढावयाची आणि लिलाव उघड्या वाळूवर व्हावयाचा. पाहुण्यांस ती मौज वाटे. बैलाच्या मानेस व कोळणीच्या कमरेस काय वाटे, ते फोटोत उमटत नाही.

आता पैशाकडे वळू. सरकारने पैसा दिलाच नाही, असे मी म्हणणार नाही. खोटे बोलून आपली बाजू बळकट होत नसते. २०२० साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना काढली. तिचा आकडा २०,०५० कोटी रुपये असा सर्वत्र झळकला. हा आकडा फोडून पाहू. त्यांत केंद्राचा वाटा ९,४०७ कोटी, राज्यांचा ४,८८० कोटी, आणि उरलेले ५,७६३ कोटी लाभार्थ्यांनी स्वतः घालावयाचे! म्हणजे ज्याला द्यावयाचे, त्याच्याच कनवटीचा शेकडा २८ हून अधिक भाग सरकारने आपल्या दानाच्या आकड्यात मिळविला. लग्नात आहेर करणाऱ्याने नवऱ्या मुलाच्याच खिशातून नोट काढून ताटात टाकावी आणि आपले नाव वाचून घ्यावे, तसा हा प्रकार झाला.

दुसरा निधी २०१८-१९ साली निघाला. त्यातून बंदरे, बर्फाचे कारखाने, शीतगृहे उभी राहावयाची होती. आकडा ७,५२२ कोटी ४८ लाख. हाही फोडून पाहू. त्यांत सरकारी अंदाजपत्रकातून यावयाची रक्कम ९३९ कोटी ४८ लाख. जुन्या हिशेबाने रुपयातले दोन आणे. बाकीच्या चौदा आण्यांत ५,२६६ कोटी ४० लाख हे कर्ज आणि १,३१६ कोटी ६० लाख घेणाऱ्याचा स्वतःचा वाटा. ह्यास "निधी" हे नाव! सरकार व्याजात शेकडा ३ पर्यंत सूट देते, त्याबद्दल आभार. परंतु कर्ज ते कर्जच. राज्य सरकारने ते घेतले तर फेड रयतेच्या करातून व्हावयाची, आणि सहकारी संस्थेने घेतले तर सभासदाच्या मासळीतून.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. कर्जाचा पैसा जेथून परत येण्याची आशा असते, तेथेच जातो. मोठ्या बंदरावर शेकडो बोटी लागतात, शुल्क मिळते, गाळे भाड्याने जातात. म्हणून तेथे कर्ज फिटते. लहान खाडीवर चाळीस होड्या, त्यांपैकी निम्म्या बिनइंजिनाच्या. तेथून शुल्क ते काय मिळणार? म्हणून कर्जाच्या वाटेने लहान बंदर कधीच उभे राहावयाचे नाही. गावच्या रस्त्याने आपला खर्च स्वतः फेडावा, असे आपण म्हणत नाही. शाळेने नफा दाखवावा, असेही अद्याप उघडपणे कोणी म्हणत नाही. मग कोळ्याच्या धक्क्यानेच तेवढे आपल्या कमाईवर जगावे, हा न्याय कोठला? लहान बंदर हे रस्त्याप्रमाणे, शाळेप्रमाणे, गावतळ्याप्रमाणे सार्वजनिक पैशाने झाले पाहिजे आणि सार्वजनिक पैशाने राखले पाहिजे.

"पैसा कोठे आहे?" असे उत्तर मिळते. पैसा कोठे आहे, ते आम्ही दाखवितो. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे मालवाहू जहाजांचे प्रचंड बंदर होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी त्यास मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. ह्यातला सगळा पैसा सरकारी तिजोरीतला नाही, खाजगी भागीदारीचाही त्यांत भाग आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. आता त्याशेजारी सिंधुदुर्गातील देवगडच्या आनंदवाडी मच्छीमार बंदराचा आकडा ठेवा. ज्यासाठी तेथील गाबीत बांधवांनी वर्षानुवर्षे अर्जविनंत्या केल्या, त्या बंदराचा मंजूर आराखडा सुमारे ८८ कोटींचा. भागाकार करून पाहा. एका वाढवणच्या अंदाजात आनंदवाडीसारखी साडेआठशेंवर बंदरे बसतात, आणि आमच्या किनाऱ्यावर मासळी उतरविण्याच्या जागा होत्या १५२! पैसा नाही असे नव्हे. पैशाला आमचा पत्ता ठाऊक नाही. आणि त्या मोठ्या बंदराची झळ कोणास? तेथील मच्छीमार, शेतकरी व बागाईतदार वर्षानुवर्षे ओरडत आहेत. डहाणू तालुक्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली तेथील बंदरास नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली होकार दिला. समुद्र तोच, मासळीची पैदासही तेथलीच. बदलले ते काय, हे वाचकांनी ओळखावे.

मच्छीमार बंदरांतही थोरामोठ्यांचीच वर्णी प्रथम लागते. १ फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात पाच मोठी मच्छीमार बंदरे उद्योगाची केंद्रे म्हणून वाढविण्याची घोषणा झाली : कोची, चेन्नई, विशाखापट्टण, पारादीप आणि पेटुआघाट. ह्या पाचांत महाराष्ट्राचे एकही नाही. त्या ठिकाणच्या कोळी बांधवांशी आमचे वैर नाही. त्यांचेही भले होवो. परंतु आमचे जे मंत्री, खासदार दर नारळी पौर्णिमेस कोळ्यांची टोपी घालून समुद्रास नारळ वाहतात, ते त्या दिवशी सभागृहात काय करीत होते?

आता मी एक कडू गोष्ट सांगणार आहे. ती आपल्याच लोकांविषयी आहे, म्हणून रागावू नये. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. लोकल फंडाच्या नावाने शेतकऱ्याकडून पैसा निघतो आणि त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न त्यांनी सरकारास रोखठोक विचारला. जोतीरावांनी स्वतः बांधकामांची सरकारी कंत्राटे घेतली होती. चुन्यात काय मिसळते आणि मापात काय मारतात, हे त्यांस घरबसल्या नव्हे, कामावर उभे राहून ठाऊक झाले होते. त्या काळी शेटजी-भटजी म्हटले की कोण, ते बोटाने दाखविता येई. आज काय आहे? आज ज्याच्या हाती कागद तो भटजी आणि ज्याच्या हाती ठेका तो शेटजी; मग त्याची जात कोणतीही असो. धक्क्याचा ठेका घेणारा पुष्कळदा आपल्याच बहुजन समाजातला असतो. बिलावर सही करणारा आपल्यातला, पाटीवर नाव कोरून घेणारा आपल्यातला. तो आपल्यातला आहे म्हणून आपण गप्प बसतो. हीच ती गुलामगिरी! भटाने पोथी दाखवून जे केले, तेच आपल्या माणसाने एस्टिमेट दाखवून केले, तर ते पुण्य होते की काय? पोथी आपल्यास वाचता येत नव्हती म्हणून आपण फसलो. एस्टिमेट आपण मागून घेत नाही, म्हणून फसतो. फरक एवढाच.

पायाभरणीचा पैसा लवकर मिळतो आणि गाळाचा पैसा उशिरा मिळतो, ह्याचे कारणही येथेच आहे. सिमेंट डोळ्यांस दिसते. त्यावर पाटी लावता येते. गाळ काढला तर काय दिसणार? पाणीच दिसणार, आणि पाण्यावर नाव कोरता येत नाही. म्हणून गाळ काढण्याच्या अर्जाला पाय फुटतात. एक कचेरी म्हणते हे आमचे काम नव्हे, दुसरी म्हणते किनारा आमचा पण धक्का त्यांचा, तिसरी म्हणते परवानगी आणा. आमच्या सोसायटीसाठी मी स्वतः असे चार अर्ज लिहून दिले. पाचवा लिहीत आहे. ह्यात नवल नाही, कारण देशावर धरणाचे उद्‌घाटन होते आणि शेवटच्या शेतापर्यंतची चारी गवताने बुजलेली राहते, ती ह्याच न्यायाने. वरच्याला पाणी, शेवटच्याला पाटी!

कोणी म्हणतील, "मास्तर, बंदरे बांधून मासळी थोडीच वाढते?" हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यास बगल देणार नाही. २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी सुमारे २ लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या साली वादळेही फार झाली. परंतु दोष केवळ वादळांचा नाही. पर्ससीनची प्रचंड जाळी टाकून थवेच्या थवे उपसणाऱ्या आणि रात्री प्रखर दिवे लावून लहानमोठी सारी मासळी ओढणाऱ्या धनिकांच्या बोटींनी समुद्राचे बियाणे खाल्ले. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. कायदे झाले, पण ते पाळले जात नाहीत अशी ओरड रापणकरी व लहान होडीवाला आजही करतो. म्हणून आमची मागणी केवळ "बंदर द्या" अशी नाही. सरकारी पैशाने बांधलेल्या धक्क्यावर जर बेकायदा जाळ्याची बोट प्रथम लागणार असेल आणि लहान होडी मागे ढकलली जाणार असेल, तर तो पैसा आमच्याच पैशाने आमचा गळा कापण्याचा झाला. ज्या गावाचा धक्का, त्या गावच्या लहान होडीचा त्यावर पहिला हक्क. हे लिहून दिल्याशिवाय एक दगडही बसू देऊ नये.

आणि हा केवळ भावाचा, नफ्यातोट्याचा प्रश्न नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले, तेव्हा समुद्रावर गेलेले कोकणातील कित्येक खलाशी घरी परतले नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगडचा किनारा झोडपला. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अशा वेळी होडीस जवळच्या खाडीत शिरता आले पाहिजे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल आणि वेळ सुकतीची असेल, तर घर समोर दिसत असताना होडी लाटांत सापडते. काठावर बायको उभी असते, मुले उभी असतात. ज्या गाळासाठी अर्ज पडून राहतो, तो गाळ त्या दिवशी माणसे खातो. हे कोणत्या एस्टिमेटात धरले आहे?

शिवछत्रपतींना आरमार उभारावयाचे होते, तेव्हा त्यांनी ह्याच कोळी, भंडारी, गाबीत व दालदी लोकांना जवळ केले. मायनाक भंडारी आणि दौलतखान ह्यांच्या हाती स्वराज्याची गलबते होती. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, ते रयतेच्या शेतास पाणी मिळावे म्हणून. कर्जाची फेड चाळीस होड्यांवर कशी बसवावी, असला हिशेब मांडीत ते बसले नाहीत. आज त्यांची नावे प्रत्येक भाषणात येतात. नावे घेण्यास खर्च येत नाही. त्यांची रीत घेण्यास येतो.

तेव्हा आमच्या मागण्या अशा :

पहिली. लहान बंदरांसाठीचा पैसा अनुदान म्हणून द्यावा, कर्ज म्हणून नव्हे. आणि लाभार्थ्याच्या खिशातला पैसा सरकारी आकड्यात मिसळू नये.

दुसरी. बंदराच्या मंजुरीबरोबरच त्याच्या राखणीचा पैसा निराळा काढून ठेवावा. पावसाळ्यात आलेला गाळ दिवाळीच्या आत निघालाच पाहिजे. तो न निघाल्यास जबाबदार कोण, त्या एका अधिकाऱ्याचा हुद्दा आधीच जाहीर असावा.

तिसरी. आधी गोडे पाणी, बर्फ, दिवा, बायांसाठी शौचालय आणि सावलीची बसावयाची जागा. कमानी व संगमरवर मागाहून. मासळी विकण्याचे निम्म्याहून अधिक काम बाया करतात आणि अंधारात, उघड्यावर त्यांनी आडोसा शोधावा, ही आपल्या सर्वांच्या तोंडास काळिमा आहे.

चौथी. बंदराच्या कमिटीत निम्म्या जागा मासळी विकणाऱ्या बायांस आणि लहान होडीवाल्यांस असाव्यात. जागा कोठे निवडावी आणि बंधारा कोणत्या तोंडाने घालावा, हे ठरविण्यापूर्वी गावच्या तांडेलांस विचारावे आणि त्यांनी काय सांगितले ते कागदावर लिहावे.

पाचवी. धक्क्यावर सात नावांची पाटी आहे, तिच्याशेजारी दुसरी पाटी लावावी. किती रुपये मंजूर, किती खर्च, ठेकेदार कोण, खोली किती ठरली आणि आज किती आहे, हे शुद्ध मराठीत, मोठ्या अक्षरात. आमच्या चौथीच्या मुलांस ते वाचता आले पाहिजे.

बंधुभगिनींनो, ह्यांतील शेवटच्या मागणीस कोणाच्या मंजुरीची वाट पाहावयास नको. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. तुमच्या गावी धक्का असो, चारी असो, तळे असो वा शाळेची खोली असो. तिचे एस्टिमेट मागून घ्या, चावडीवर आणा, ज्यास वाचता येते त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. कुणबी कोळ्याच्या धक्क्याचा हिशेब विचारील आणि कोळी कुणब्याच्या चारीचा विचारील, त्या दिवशी ठेकेदाराची झोप उडेल. "ते त्यांचे, हे आमचे" असे म्हणत आपण वेगवेगळे बसलो, म्हणूनच ह्यांचे फावले.

मी शाळामास्तर; माझ्या हाती खडू आणि पुस्तक. उद्यापासून आमच्या मुलांस मी एक नवे गणित घालणार आहे. बांबूला फुटाच्या खुणा करून, रोज सुकतीच्या वेळी धक्क्याखाली तो धरावयाचा आणि पाणी किती ते वहीत लिहावयाचे. वर्षाअखेर ती वही पाचव्या अर्जास जोडीन. अर्जाला उत्तर देणे साहेबांना टाळता येईल. मुलांनी मोजलेले पाणी खोटे ठरविणे त्यांस जड जाईल.

आपला,
खाडीकाठचा एक शाळामास्तर